भावासाठी मागितलेली मुळी

ता. २ आक्टोबर १९३४, भोर

जायफळ! पाव जायफळ सहाणेवर उगाळून कोमट दुधातून घेतले. नऊ वाजता अंथरुणावर पडलो. कचेरीवरचे अकराचे टोल ऐकले, एकचा ऐकला, तीनचे ऐकले. पुढे केव्हातरी डोळा लागला असावा. झोप – एक तास.

सुगंध मात्र अप्रतिम. एवढ्याशा फळात निसर्गाने काय साठवून ठेवले आहे! आजवर श्रीखंडापलीकडे त्याचा विचार केला नव्हता.

आजपासून रोजचा आकडा येथे नोंदणार आहे. अंदाजाने काही लिहिणे मला जमत नाही.

ता. ३ आक्टोबर

झोप – दीड तास. जायफळ पुन्हा तेच.

घडले ते एकदा स्वच्छ लिहून ठेवतो.

ता. १६ सप्टेंबर, रविवार. सायंकाळी वेणूला घेऊन नीरेच्या घाटावर गेलो होतो. ती कागदाच्या होड्या सोडीत होती, मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. आदल्या चार रात्रींत मिळून पाच तासही झोप नव्हती. तेथेच डोळा लागला. जागा झालो तो एका बाईच्या ओरडण्याने – "अवं मास्तर, पोरगी चालली की! निजलासा व्हय?" धुणे टाकून ती पाण्यात शिरली होती. वेणीला धरून तिने मुलीला बाहेर ओढले. मुलगी वाचली. सात वर्षांची आहे. आईविना पाचवा महिना.

चार दिवसांनी आनंदराव साताऱ्याहून आले. वेणूचे मामा, वकिली करतात, बोलणे मोजके. म्हणाले, "दिवसा झोपणाऱ्या माणसाजवळ मी माझी भाची ठेवणार नाही. आधी रात्री झोपा. सलग पंधरा रात्री, किमान पाच तास. तुमच्या हस्ताक्षरात मला कळवा, मी स्वतः तिला आणून सोडतो. तुम्ही खोटे लिहिणार नाही, एवढे जाणतो."

अपमान वाटला नाही. अट रास्त आहे. मी त्यांच्या जागी असतो तर तीच घातली असती.

ता. ५ आक्टोबर

खसखस वाटून, गूळ घालून. शेजारच्या काकूंचा उपाय. चव उत्तम. झोप – एक तास.

ता. ८ आक्टोबर

येथील वैद्यबुवांनी माथ्यास ब्राह्मी आणि माक्याचे तेल दिले. शिवाय काशाच्या वाटीने तळपायास तूप घासावयास सांगितले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो असल्याने प्रथम हसू आले. तूप काळे पडते ती धातूची क्रिया, तळपायातील उष्णता नव्हे – वर्गात मी असेच सांगेन. परंतु तळपाय निवले, हेही खरे! डोळ्यांची आग कमी झाली. ज्याने प्रथम वाटी उचलून पायास लावून पाहिली, त्या अज्ञात माणसाविषयी आदर वाटला.

झोप – दोन तास. प्रगती आहे.

ता. १० आक्टोबर

वेणूचे कार्ड. मोठ्या अक्षरांत, ओळी उतरत्या – "बाबा तुम्ही झोपलात का. मामा म्हणतो तुम्ही झोपलात की मी येणार. लवकर झोपा."

झोप – शून्य.

ता. १२ आक्टोबर

शाळेचा शिपाई रखमाजी भाताच्या काढणीसाठी गावी निघाला आहे. निरोप घ्यावयास आला, तो दारातच घुटमळला.

"मास्तर, रागावू नगा. आमच्या पासलीच्या वर धनगरवाड्यात ठकुबाय हाय. म्हातारी हाय, पर मुळ्या वळखती. मेंढराला देती, मानसाला बी देती. माज्या आत्याची झोप गेलती, तिला बी दिली. एकडाव चला."

मी म्हणालो, "रखमाजी, वनस्पतिशास्त्र मी दोन वर्षे शिकलो आहे."

"व्हय की. आन् झोप?"

रजा दोन महिन्यांची मंजूर आहे. जाणार.

ता. १५ आक्टोबर, पासली

कापूरहोळपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, वेल्ह्यापासून पायी. टाचांना फोड आले. रखमाजीने घराच्या पडवीत जागा दिली. मी माझी तीन दगडांची चूल निराळी मांडली. परक्या चुलीवरचे आमच्या घरात तीन पिढ्या चालत नाही. रखमाजीस ते ठाऊक आहे. त्याची पत्नी सगुणाबाई मात्र कमरेवर हात ठेवून माझा धूर पाहत उभी राहिली.

"झोप न्हाई म्हनून आलासा, आन् हितं चूल फुंकून फुंकून डोळं लाल करनार! आवं, आमचा भात काय चावतोय व्हय?"

भात करपला. करपलेलाच खाल्ला. झोप – दीड तास.

ता. १७ आक्टोबर

फोडांमुळे मला चढवत नव्हते, म्हणून रखमाजी एकटाच वर जाऊन आला. रिकाम्या हाताने.

झालेले संभाषण त्याच्याच शब्दांत:

"म्या म्हनलं, आमच्याकडं मास्तर उतरल्यात, त्यास्नी झोप न्हाई. तर म्हनती, दुखनेकऱ्यानं सोता मागू न्हाई, त्येच्या घरच्यानं मागावं. म्हनलं, म्या मागतोय की! तर म्हनती, तू त्येंचा कोन? म्हनलं, माज्या घरात हायती. तर म्हनती –" येथे रखमाजी थांबला, माझ्या तीन दगडांकडे पाहिले, मग न पाहिल्यासारखे केले. "– म्हनती, तुज्या चुलीवरचं खात्यात का? न्हाई म्हनलं. मंग म्हनली, रगताचं न्हाईतर चुलीचं मानूस धाडा. नुसता ऱ्हानारा तो पावना."

सगुणाबाई आतून हसली. मला हसू आले नाही.

संध्याकाळभर विचार केला, आणि लिहावयास संकोच वाटत नाही की, या नियमात मोठे शहाणपण आहे! "आजारी मानूस आपलं खरं सांगत न्हाई, जास्ती तरी सांगतंय न्हाईतर कमी तरी," असे ती म्हणाली म्हणे. पुण्याचे नामांकित डॉक्टरदेखील रोग्याला बाहेर बसवून घरच्यांना आत बोलावतात. शाळेत न गेलेली बाई त्याच निष्कर्षास आली.

परंतु माझ्या घरचे माणूस कोठून आणू? एक साताऱ्यास आहे, सात वर्षांचे. दुसरे –

झोप – एक तास.

ता. १९ आक्टोबर

आज मी खोटे बोललो. चाळीस वर्षांच्या आयुष्यातले पहिले म्हणत नाही. परंतु इतके ठरवून बोललेले पहिले.

एकटाच वर गेलो. चढ दीड तासाचा. धनगरवाड्यात पाच-सहा झोपड्या, त्यातली कडेची तिची. साठीची असावी. ठेंगणी, पाठ ताठ. एका शेळीच्या तोंडात बोट घालून दात पाहत होती. माझ्याकडे पाहिले नाही.

मी म्हणालो, "बाई, रखमाजीकडे उतरलेले मास्तर माझे थोरले बंधू. मी कालच आलो. त्यांच्यासाठी औषध मागावयास आलो आहे."

शेळी सोडून तिने मला न्याहाळले. बराच वेळ. मग म्हणाली, "रगताचं हाईस म्हनायचं."

"होय. सख्खा."

"बस मंग, धाकल्या मास्तरा."

नंतर तिने जे विचारले, तसे मला अद्याप कोणी विचारलेले नाही. थोरला पडल्यावर झोप येत नाही, की आलेली झोप मोडते? उताणा निजतो की कुशीवर? तळपाय तापतात का? कोणत्या आवाजाला दचकतो? जेवताना घास हातात राहतो का? एकामागून एक, घाई न करता. मी थोरल्याविषयी सांगत गेलो. आणि आश्चर्य – थोरल्याचे म्हणून सांगताना सगळे सुरळीत सांगता येत होते!

"कवापास्नं?"

"वैशाखापासून."

"काय झालं वैशाखात?"

वहिनींना विषमज्वर झाला, पदरात लहान मुलगी, असे मी म्हणालो. थोरल्यांनी एकवीस रात्री जागून दर दोन तासांनी औषध पाजले. कोणाला हात लावू दिला नाही. बाविसाव्या पहाटे त्यांचा डोळा लागला. अर्धा तास. उठले तेव्हा वहिनी गेल्या होत्या. वाटीतला औषधाचा घोट तसाच होता. तेव्हापासून डोळे मिटू लागले की त्यांना वाटते, आता पुन्हा –



हे मी कोणासही सांगितले नव्हते. आनंदरावांना नाही. या वहीलाही नाही.

ठकुबाई जमिनीवरची काडी मोडीत बसली होती. मग म्हणाली, "थोरल्याला सांग. म्या चाळीस वरसं मेंढरं राखली. डोळा लागल्यावर वाघरानं न्हेलं, आसं चारदा झालं. आन् टक्क जागी बसलीया, हातात काठी हाय, कुत्रं हाय, जाळ हाय – तवा न्हेलं, आसं सातदा. म्या मोजलंय. त्येला सांग, राखनाऱ्यानं राखावं. वाघरू काय डोळ्याकडं बगून येत न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतर तिने मला आणखी वर, कड्याच्या सावलीत नेले. झुडूप गुडघाभर. शेजारीच दुसरे, हुबेहूब तेच! मी दोन्हींस एकच समजलो, कॉलेजातला मनुष्य! तिने दोन्हींचे एकेक पान चुरडून माझ्या नाकाशी धरले. एकाचा वास ओल्या मातीचा, दुसऱ्याला काही नाही. "ह्ये बिनवासाचं शेळी खात न्हाई. मानसानं कशाला खावं?"

मुळी खणताना तिने अर्धीच घेतली, उरलेल्या अर्ध्या मुळीवर माती लोटून पायाने दाबली. नाव विचारले तर मान हलवली.

"नाव सांगितलं की मानसं पोत्यानं उपटून न्हेत्यात. नाव न्हाई ठावं, तर हितवर चढून येत्यात आन् लागंल तेवडंच मागत्यात."

शेळीच्या दुधात शिजवून द्यावयाची. मुळी चार दिवस पुरते. "चार दिसांनी तूच ये. थोरल्याला वर आनू नगं."

ता. २० आक्टोबर

झोप – अडीच तास! चव अत्यंत कडू.

ता. २२ आक्टोबर

तीन तास. त्यात स्वप्न नाही.

ता. २३ आक्टोबर

वर गेलो. म्हणाली, "थोरला कसा हाय?" म्हणालो, "बरा आहे. काल रात्री चार तास झोपला." "आन् तू?" म्हणालो, "मीही बरा." मुळी देताना हसली असे वाटले, खात्री नाही.

ता. २४ आक्टोबर

झोप – सव्वापाच तास!! पहाटे कोंबड्याने उठवले. कोंबड्याने! सहा महिन्यांत प्रथमच मी त्याच्यानंतर उठलो. पडवीतून पाहिले तो खाचरांवर धुके, आणि लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची पिवळी पट्टी त्यातून वर आलेली.

रात्र पहिली.

ता. २७ आक्टोबर

रात्र चौथी. साडेपाच. आनंदरावांना लिहिले.

वर गेलो तेव्हा ठकुबाई एका मेंढीचे पोट दाबून तिला काही पाजीत होती. मेंढी तासाभरात उठून चरू लागली. ती चरावयास जाईपर्यंत म्हातारी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हे मला फार आवडले. वर्गात शिकवताना कोणी भेटावयास आले तर मीही बोलत नाही.

मला ती अरे-तुरे करते. भोरात मला कोणी तसे करीत नाही. येथे त्याचे काही वाटत नाही. उलट वर चढताना पाय हलके पडतात.

ता. ३१ आक्टोबर

रात्र आठवी. सहा तास.

ता. २ नोव्हेंबर

रात्र दहावी. पाच तास दहा मिनिटे. रखमाजीने वेल्ह्याहून टपाल आणले. आनंदराव लिहितात – "प्रगती वाचून समाधान वाटले. साक्षीदार मागत नाही. तुमच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. किंबहुना तेवढ्यावरच मी वेणूला तुमच्या हाती देणार आहे."

ता. ३ नोव्हेंबर

झोप – एक तास.

रात्रभर पत्रातले ते एकच वाक्य. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मुलगी परत येणार, तो मनुष्य दर चार दिवसांनी डोंगर चढून एका वृद्ध स्त्रीशी खोटे बोलतो.

सकाळी लेखणी उचलली तेव्हा मनात आले – पाच लिही. कोणास कळणार? पंधरात चारच उरतील. वेणूचे कार्ड समोर होते. हात बराच वेळ कागदावर राहिला.

एक लिहिले. दहा रात्री गेल्या.

ता. ४ नोव्हेंबर

काही न खाता वर गेलो. ती दारात लोकर विंचरीत होती. उभ्या उभ्याच बोललो – "ठकुबाई, मला भाऊ नाही. थोरला मीच. तुमच्या नियमाचा मी भंग केला. काल औषध लागू पडले नाही, ते माझ्या खोटेपणामुळे असावे. मला क्षमा करा. यापुढे तुम्ही न दिलेत तरी माझी तक्रार नाही."

तिने लोकर बाजूला ठेवली.

"ठावं हाय की."

"केव्हापासून?"

"तू म्हनलास 'माजं थोरलं बंधू' तवाच. पासलीत दुसरा बामन उतरला असता, तर सगुनीनं रातीच वरडून सांगितलं असतं. तिच्या तोंडाला झाकन हाय व्हय?"

"मग औषध का दिलेत?"

तिने फणीत अडकलेली लोकर ओढून काढली. "मागाय कोन आलतं? धाकला. रडला न्हाई, जास्ती मागितलं न्हाई, थोरल्याचं दुखनं नीट सांगितलं. घरच्या मानसाचं काम आनिक काय आसतंय? लोकाचं सांगतो तसं आपलं सांगता आलं, म्हनून दिली. समद्यांस्नी येत न्हाई त्ये." मग एकदम खेकसली – "पर आता कळलंय न्हवं मला? आता धाकला बनून आलास तर काठी घालीन. पोर किती वरसाची हाय म्हनलास?"

"सात."

"तिचं नाव घे. तिनं मागितली म्हनून देते. ती तुज्या रगताची हाय, आन् येऊ शकत न्हाई. तिच्या वतीनं तू हमाल."

मी मोठ्याने वेणूचे नाव घेतले. तिने मुळी दिली.

उतरताना दोनदा थांबलो. कायद्याची इतकी नेकीने आणि इतकी दयेने अंमलबजावणी मी कोणत्याही कचेरीत पाहिलेली नाही!

ता. ५ नोव्हेंबर

सहा तास वीस मिनिटे. रात्र पहिली, पुन्हा.

ता. ७ नोव्हेंबर

दिवाळी. यंदा आम्हास सण नाही. सगुणाबाईने न विचारता माझ्या चुलीजवळ पणती ठेवली. मी ती हलवली नाही. पाच तास. रात्र तिसरी.

ता. ११ नोव्हेंबर

रात्र सातवी. मळणी चालू आहे. ठकुबाईने आज उशास ठेवावयास निर्गुडीचा पाला दिला – "मुळीचा नाद लागू न्हाई. आता एक दिसाआड, मंग दोन दिसाआड." औषध सोडवण्याची इतकी चिंता करणारा वैद्य मला प्रथमच भेटला.

ता. १६ नोव्हेंबर

रात्र बारावी. मुळीविना. साडेपाच तास!

ता. १९ नोव्हेंबर

पंधरा.

आकड्यांची नक्कल स्वच्छ करून आनंदरावांकडे रवाना. आधीच्या दहा रात्री आणि अकरावीचा 'एक'देखील लिहिला आहे.

ता. २८ नोव्हेंबर

कापूरहोळच्या नाक्यावर सकाळपासून उभा होतो. दुपारी मोटार आली. आनंदराव आधी उतरले. त्यांनी कागद काढला, बोट ठेवले – "हा एक तास का लिहिलात? मला कसे कळणार होते?"

"तेवढीच झोप झाली होती."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "याच ओळीमुळे मी तिला आणले. बाकीच्या ओळी मी वाचल्याही नाहीत."

मग वेणू उतरली. उंची वाढली आहे. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, नंतर माझी खालची पापणी बोटाने ओढून आत डोकावली, जसे काही त्यात लिहिलेले असावे. "झोपलात," ती म्हणाली. आणि मग माझ्या कोटात तोंड खुपसले.

रजेचे काही दिवस शिल्लक आहेत. तिला पासलीस घेऊन आलो.

ता. ३० नोव्हेंबर

वेणू आल्यापासून सगुणाबाईच्या चुलीपाशी आहे. पहिल्याच दिवशी मी पाणी घेऊन येईतो तिने तेथील भाकरी आणि ठेचा खाल्ला होता. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि हसते आहे. सगुणाबाईने माझ्याकडे पाहिले. मी वेणूपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

ठकुबाईला झोपेबद्दल काही भेट द्यावी असे माझ्या मनात होते. सगुणाबाईस विचारले, म्हातारीला काय आवडते? ती म्हणाली, "तिला काय आवडायचं! लोकास्नी निजवती, सोता टक्क जागी."

"म्हणजे?"

"आवं, ल्योक लढाईवर दर्यापार बसऱ्याला गेला. एकलाच व्हता. कागद आला, मानूस न्हाई आलं. तवापास्नं राती दारात बसून आसती. अठरा वरसं झाली."

"पण मुळी तर तिच्याच हातात आहे!"

"मागनार कोन? रगताचं ऱ्हायलं न्हाई. दिरांची आन् तिची चूल येगळी, ती पार भांडान झाल्यापास्नं. दुखनेकऱ्यानं सोता घेऊ न्हाई, ह्ये तिचंच. मोडंल व्हय ती?" भाकरी थापता थापता ती असे सहज बोलत होती, जणू पाऊस किती झाला ते सांगावे.

अठरा वर्षे! डोंगर चढून आलेल्या प्रत्येकाला तिने विचारले – झोप येत नाही की मोडते? घास हातात राहतो का? ते प्रश्न तिला कोठून सुचले, हे आज कळले.

ता. १ डिसेंबर

आजोबा, वडील, मी. तीन पिढ्या.

दिवसभर दुसरे काही सुचले नाही.

ता. २ डिसेंबर

वेणूला घेऊन वर गेलो. ठकुबाईच्या चुलीवर नाचणीची भाकरी फुगत होती. मी उंबऱ्याच्या आत जाऊन बसलो आणि म्हणालो, "मला एक भाकरी द्या."

"आमच्या हातची?"

"होय."

तिने दिली. वेणूने अर्धी मोडून घेतली. आम्ही दोघांनी ती, मिठाबरोबर, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. हात धुऊन मी म्हणालो, "माझ्या चुलीच्या एका माणसाला झोप नाही. त्यांच्यासाठी मुळी मागावयास आलो आहे."

तिचा तव्यावरचा हात थांबला. मग चुलीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात तिने विचारले –

"येत न्हाई, का मोडती?"

"येतच नाही."

"कवापास्नं?"

"अठरा वर्षांपासून."

"काय झालं व्हतं?"

"मुलगा लढाईवर गेला. त्यापुढचे मला नीट ठाऊक नाही. तेवढे तुम्हीच सांगा."

तिने भाकरी उतरवली, जाळ मागे ओढला. वेणू तिच्या मांडीला टेकून बसली होती.

"त्या म्हातारीचा ल्योक..." ती म्हणाली, आणि उन्हे दारातून निघून जाईपर्यंत सांगत राहिली.